मुख्य आवाज

शर्टाच्या वरच्या खिशात काय ठेवावं याला काही मर्यादा असतात, हे मला फार उशिरा कळलं. पेन ठेवावं, चष्मा ठेवावा, धुलाईवाल्याची चिठ्ठी ठेवावी. आवाज टिपायचं यंत्र ठेवू नये. निदान ज्याला दुसऱ्याच्या गाण्यात आपला सूर मिसळायची खोड आहे, त्यानं तरी ठेवू नये. खरं म्हणजे गोष्ट एवढीच आहे. पण एवढ्यावर थांबलो तर माझी चूक फार लहान दिसेल, आणि ती तशी नाही.

मी कीर्तनवेडा माणूस. एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात जावक टपालावर शिक्के मारले. त्यातलं एक पत्र आज आठवत नाही. पण आमच्या बुवांनी कोणत्या संध्याकाळी कोणता दृष्टान्त दिला, कुठे हसवलं आणि हसता हसता कुठे डोळ्यांत पाणी आणलं, हे झोपेतून उठवून विचारा. बुवा वर्षातून चार वेळा शाळेच्या सभागृहात उभे राहत. मी पहिल्या रांगेत, पंख्याखाली. खिशात मुठीएवढं यंत्र. "व्यासपीठावर ठेवा की, नीट टिपेल," असं पेटीवाल्यांनी पहिल्याच वर्षी सुचवलं होतं. मी म्हणालो, "नको, ते हृदयाशीच असू दे." पेटीवाले पेटी लावायला वळले. भाविक माणसाशी कोण वाद घालणार?

अकरा वर्षांत एकेचाळीस कीर्तनं झाली. घरी आलो की ती संगणकातल्या गाण्यांच्या कार्यक्रमात उतरवायची, आणि यंत्र पुसून पुढच्या वेळेसाठी कोरं करायचं. या कार्यक्रमाला मी 'कपाट' म्हणत असे. त्याचं खरं नाव घेण्याची इच्छा उरलेली नाही.

या वर्षी बुवांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. आता ते गळ्यात दोरीनं पाटी अडकवून हिंडतात आणि बोलायचं ते खडूनं लिहितात. गुरुवारी त्यांची सून आमच्याकडे आली आणि एक चिठ्ठी दिली. अक्षर बुवांचं होतं.

'रविवारी चार वाजता येतो. माझं काही नको. माईचं तेवढं ऐकवा.'

'माईचं तेवढं' म्हणजे काय, ते सांगायला हवं. माई म्हणजे बुवांच्या घरच्या. चाळीस वर्षं बुवांच्या मागे टाळ घेऊन बसल्या; सगळ्यांबरोबर धृपद धरायच्या, एकट्या कधी गायल्या नाहीत. तीन वर्षांपूर्वी एकदा उत्तररंगात बुवांनी स्वतःचंच एक पद घेतलं: 'माझे राहिलेले, तूच पुरे कर'. पहिला चरण झाला आणि त्यांना जो खोकला लागला तो थांबेना. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. आणि मागून, मान खाली घालूनच, माईंनी ते पद उचललं. चार मिनिटं गायल्या. बुवा खोकायचे थांबले होते, तरी मधे पडले नाहीत. पद संपलं आणि माई पुन्हा टाळ वाजवायला लागल्या, जणू मधे काही झालंच नाही. दुसऱ्या वर्षी त्या गेल्या.

ती चार मिनिटं जगात एकाच घरात होती. माझ्या कपाटात.

आणि आता माझ्या पापाचा पहिला भाग. याच सुनेनं वर्षापूर्वी मला विचारलं होतं, "काका, त्याची एक प्रत मिळेल का?" मी काय म्हणालो? "अगं, प्रत कशाला? हे घर तुझंच आहे. कधीही ये, बस, ऐक." फार प्रेमानं म्हणालो. पण दार लावून घेतल्यावर मनात ज्या गुदगुल्या झाल्या, ते प्रेम नव्हतं. एखादी वस्तू फक्त आपल्याकडेच असण्याचं एक सुख असतं, आणि ते भक्तीचा सदरा घालून आलं की ओळखू येत नाही.

शुक्रवारी सकाळी सगळं ठीक आहे ना बघायला कपाट उघडलं. पडद्यावर पाटी: 'नवी आवृत्ती तयार आहे. अधिक सुंदर, अधिक स्वच्छ.' बाहेरच्या खोलीत आमची ही पाहुणे येणार म्हणून पडदे उतरवत होती. मला वाटलं, ती घर आवरतेय, आपणही आपल्या परीनं आवरावं. 'होय' दाबलं.

तासाभरानं कपाट उघडलं, पण ते माझं राहिलं नव्हतं. डावीकडची बटणं उजवीकडे, उजवीकडची कुठेच नाहीत. जिथे 'वाजवा' लिहिलेलं असायचं तिथे एक गोल आणि त्याच्या पोटात आणखी एक गोल. शेवटी माईंच्या पदाचं कीर्तन सापडलं, ते लावलं. हिरवी रेघ वरखाली नाचायला लागली. आवाज मात्र नाही. तोंड हलतंय, शब्द नाही. बुवाच आठवले.

"अहो, काय झालं?" ही पडद्यांमागून म्हणाली.

"काही नाही. किरकोळ आहे."

"किरकोळ असतं तेव्हा तुम्ही बनियनवर उभे राहत नाही."

मी तळमजल्यावर गेलो. तिथे आमचे 'सर्वज्ञ' राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून तारेतून जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची नैतिक जबाबदारी त्यांच्यावर आहे. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं आणि निदान केलं, "वीज साचलीये."

"कुठे?"

"घरात. सगळं बंद करा. नुसता संगणक नाही, सगळं. दिवे, पंखे, फ्रिज. पंधरा मिनिटं घराला श्वास घेऊ द्या."

घराला श्वास दिला. फ्रिज बंद केल्याचं मी हिला सांगितलं नाही, आणि पंधरा मिनिटांनी तो चालू करायचं मला आठवलं नाही. संध्याकाळी दूध नासलं आणि मला विनासाखर, विनादूध असा चहा मिळाला. साखरेचा फ्रिजशी काय संबंध, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

संगणक चालू करून कीर्तन पुन्हा लावलं. रेघ नाचतेय, आवाज नाही. मी आवाजाचं बटण पूर्ण वर नेलं. तरी नाही. मग हताश होऊन तसंच वाजत ठेवलं आणि खुर्चीत डोकं धरून बसलो. अर्धापाऊण तास गेला असेल. तेवढ्यात दारावर धडाधडा थापा.

समोरच्या घरातले विमावाले. गळ्यात टाय, चेहरा लाल.

"आजोबा, तुमच्याकडे कोणी काही वाजवतंय का?"

"वाजवतोय, पण वाजत नाहीये."

"वाजतंय! माझ्या बैठकीच्या खोलीत! मी गिऱ्हाईकाला समजावून सांगतोय, आणि माझ्या भिंतीवरच्या स्पीकरमधून एकदम कोणीतरी ओरडतं, 'अरे वेड्या, हा देह आज आहे, उद्या नाही!' इतक्या मोठ्यानं की त्याच्या हातातलं पेन पडलं!"

मी हात जोडले. "फार नुकसान झालं का हो?"

विमावाले जरा घुटमळले. "नुकसान नाही म्हणता येणार. त्यानं मोठी योजना घेतली. दहा वर्षांची बघत होता, वीसची घेतली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "नंतर शेवटी शेवटी एक बाई गात होत्या. कोण हो त्या? आम्ही दोघं कागद तसेच ठेवून ऐकत बसलो. तो माणूस तर रडलाच. मी पंधरा वर्षं या धंद्यात आहे, सही करताना रडणारा पाहिलाय, सहीनंतर रडणारा पहिलाच."

मी आनंदानं सगळं सांगितलं. तेव्हा मला काय माहीत, की माईंना ऐकणारी शेवटची माणसं एक विमा एजंट आणि त्याचं गिऱ्हाईक असणार आहेत.

विमावाले मोठ्या मनाचे. आत आले, टाय खांद्यावर टाकून संगणकापुढे बसले. नव्या आवृत्तीनं आपल्या मनानं आसपासचा सगळ्यांत मोठा स्पीकर शोधून त्याच्याशी सोयरीक जमवली होती, आणि तो त्यांचा निघाला. त्यांनी दोन ठिकाणी बोट लावलं आणि माझ्या खोलीत बुवांचा आवाज घुमला. अगदी तस्साच. मी त्यांना मिठीच मारली. त्या दिवशी माझ्यात तेवढंच शहाणपण असतं आणि मी तो संगणक तिथेच बंद केला असता, तर ही कथा विनोदी झाली असती.

पण पडद्यावर नवी पाटी आली. 'एकेचाळीस ध्वनिफितींत पार्श्वभूमीचा गोंगाट आढळला. मुख्य आवाज ओळखून बाकीचं स्वच्छ करायचं का?'

"वा!" विमावाले म्हणाले. "खोकले, खुर्च्या, पंखा, सगळं जाईल. तुमचे बुवा खूश होतील."

मुख्य आवाज! अकरा वर्षं माझी एकच तक्रार होती, की त्या सभागृहातला पंखा दृष्टान्ताच्या ऐन टोकाला कुरकुरतो. मला क्षणभरही शंका आली नाही. कीर्तनात मुख्य आवाज कोणाचा असतो, हे लहान मूलही सांगेल.

"थांबा," विमावाले म्हणाले. त्यांचा धंदाच खबरदारीचा. "आधी दुसरीकडे प्रत काढली आहे ना?"

प्रत होती. मुलीनं दिलेल्या एका काळ्या डबीत सगळं साठवलेलं होतं, ती कपड्यांच्या कपाटात लोकरीच्या टोपीत गुंडाळून ठेवली होती.

"मग ती जोडून ठेवा. म्हणजे सुरक्षित."

टोपीतून काढून डबी जोडली. आणि मी, माझ्या या बोटानं, 'होय, सर्वांना लागू करा' दाबलं.

कार्यक्रमानं फार मन लावून काम केलं. संध्याकाळपर्यंत एकेचाळीसच्या एकेचाळीस स्वच्छ केली. मग डबीत तीच एकेचाळीस अस्वच्छ पडलेली त्याला दिसली, आणि त्यानं तीही न सांगता स्वच्छ करून टाकली. असा कामसू माणूस आमच्या खात्यात एकतीस वर्षांत एक भेटला नाही.

शनिवारी सकाळी अंघोळ करून, देवाला हात जोडून, मी माईंचं कीर्तन लावलं. पंखा नाही, खोकला नाही. नितळ शांतता. आणि त्या शांततेतून एक आवाज आला.

"ओ हो हो हो! वा!"

मग पुन्हा शांतता. मग त्याच आवाजात, कशाच्याही आधाराशिवाय, धृपदाची एक ओळ. सूर असा, की पायरी चुकलेला माणूस जिना उतरतोय. मग "अगदी खरंय बुवा, अगदी खरंय!" मग नाक ओढल्याचा आवाज. तो मात्र फार स्पष्ट.

मला वाटलं, पुन्हा कोणा शेजाऱ्याचं काहीतरी इकडे आलं. हाक मारली, "अगं, हा कोण माणूस आहे बघ."

ही ओले हात पुसत आली. दोन ओळी ऐकल्या. माझ्याकडे पाहिलं. मग स्टुलावर बसली. बत्तीस वर्षांच्या संसारात ती अशी न बोलता बसली की मला आधी पाणी प्यावंसं वाटतं.

"मीच का?" मी विचारलं.

"अकरा वर्षं सांगतेय, मनात म्हणा. तुम्ही म्हणायचात, मी साथ करतो."

दुसरं लावलं, तिसरं लावलं. एकेचाळीस संध्याकाळींचा मी. बुवा नाहीत, पेटी नाही, माई नाहीत. त्या कार्यक्रमाला दोष कसा देऊ? यंत्र हृदयाशी ठेवलं होतं, तोंडापासून एक वीत. कार्यक्रमाला जे सगळ्यांत जवळून, सगळ्यांत मोठ्यानं ऐकू आलं, ते त्यानं मुख्य मानलं आणि बाकीचा गोंगाट म्हणून पुसला. त्यात माई होत्या.

मग सुरू झाला पाठपुरावा. मी खात्यातला माणूस. पाठपुरावा या शब्दानं मला धीर येतो. मदत केंद्राला फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकली. मग एक मुलगी आली.

"सर, आपल्याला नेमका काय अडथळा येतोय?"

"अडथळा मीच आहे, बाळ. मला काढायचंय आणि बाकीच्यांना परत आणायचंय."

तिनं काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, "सर, यासाठी अर्ज भरावा लागेल."

अर्जात रकाना: 'ध्वनिफितीतील आवाज कोणाचा आहे? त्या व्यक्तीने खालील तीन वाक्ये मोठ्याने वाचून ओळख पटवावी.' मी परत फोन केला. परत बासरी. दुसरी मुलगी.

"ज्यांचा आवाज आहे त्यांना बोलता येत नाही," मी म्हणालो.

"मग दुसरी कोणी व्यक्ती आहे का सर, फितीमधली?"

"आहे. म्हणजे होती. त्याही वाचू शकणार नाहीत."

"मग सर, जी व्यक्ती उपलब्ध आहे तिनं वाचलं तरी चालेल."

उपलब्ध होतो तो मीच. घसा साफ करून तीन वाक्यं वाचली: आज हवा छान आहे, मी माझ्या आवाजाचा मालक आहे, धन्यवाद. यंत्रानं क्षणभर विचार केला आणि हिरवी खूण दिली. 'आवाज जुळला.' मी हिला हाक मारून दाखवलं. अर्ध्या तासात लेखी उत्तरही आलं. आमच्या खात्यात अर्ध्या तासात पोच मिळत नाही.

'आपल्या सर्व एकेचाळीस ध्वनिफिती तपासण्यात आल्या. आपला मुख्य आवाज प्रत्येक ठिकाणी पूर्णपणे सुरक्षित आहे. काढलेला गोंगाट जतन केला जात नाही. तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे.'

ही म्हणाली, "बुवांच्या घरी जाऊन आजच सांगून या. उद्या त्यांना जिना चढायला लावू नका." बरोबर होतं. मी चपला घातल्या, कोपऱ्यापर्यंत गेलो, औषधाच्या दुकानासमोर बराच वेळ उभा राहिलो आणि खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत आलो. खोकला कोणालाच नव्हता.

रविवारी चारला पाच मिनिटं असताना बुवा आले. सून बरोबर होती. तीन मजले चढून दमले होते, पण परीटघडीचा सदरा, डोक्याला तेल. कोणाला तरी भेटायला आलेल्या माणसासारखे. हिनं चहा-बिस्किटं ठेवली. मी बिस्किटांची बशी दोनदा पुढे केली. शेवटी उभं राहून, खात्यात साहेबांपुढे राहायचो तसं, सगळं सांगितलं. खिसा सांगितला, डबी सांगितली, सुनेला प्रत का दिली नाही तेही सांगितलं. सून खिडकीबाहेर बघत राहिली. तिनं मला एक बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

बुवांनी पाटी पुढे घेतली. मला वाटलं, आता शाप. त्यांनी लिहिलं:

'आहे ते लावा.'

"बुवा, त्यात काही नाही हो. फक्त मी आहे."

त्यांनी खडूनं त्या ओळीखाली रेघ मारली.

लावलं. माझे 'ओ हो हो' सुरू झाले. बुवा डोळे मिटून ऐकत होते. माझ्या एका तानेला त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. हसत होते. आवाज नसलेलं हसणं पाहिलं की माणसाला आपलं तोंड कुठे लपवावं कळत नाही. हीसुद्धा पदराआड हसली. मग ते पद आलं. 'माझे राहिलेले' ही ओळ मी माझ्या पद्धतीनं, दोन ठिकाणी पाडून, म्हटली. आणि मग काहीच नाही.

कारण तिथे माई गायला लागल्या होत्या, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी गप्प बसलो होतो. मला ते आठवतही नव्हतं. कार्यक्रमाला मुख्य आवाज सापडला नाही, म्हणून त्यानं ती चार मिनिटं कोरी ठेवली होती.

मी बंद करायला उठलो. बुवांनी हात वर करून मला बसवलं. त्यांचं उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर चालत होतं. धीमी लय, अगदी पक्की. खोलीत कसलाही आवाज नव्हता. एकदा बोट मधेच थांबलं, वर अधांतरी राहिलं, एक श्वास घेण्याइतकं; मग पुन्हा चालू लागलं. पुढे एके ठिकाणी त्यांनी मान किंचित हलवली, जशी ते कोणी जागा चांगली घेतली की हलवायचे. सून आता खिडकीकडे बघत नव्हती. चार मिनिटं केवढी असतात, ते मला त्या दिवशी कळलं.

मग बोट वर गेलं, जोरात खाली आलं, आणि नेमक्या त्याच क्षणी यंत्रातून माझा आवाज फुटला, "वा!"

सम साधली होती. तीन वर्षांपूर्वीची सम, माईंची, एका केसाचाही फरक नाही.

बुवांनी डोळे उघडले. पाटी सदऱ्याच्या बाहीनंच पुसली आणि एकच शब्द लिहिला: 'पुन्हा.'

त्या दिवशी आम्ही ते तीनदा लावलं. निघताना मी सुनेच्या हातात काळी डबी दिली. तिनं घेतली. "काका, आता कशाला?" एवढंच म्हणाली, पण घेतली.

हल्ली मी दुसऱ्या कोणाच्या कीर्तनाला जातो तेव्हा खिसा रिकामा असतो आणि तोंड मिटलेलं. पेटीवाल्यांनी तब्येत विचारली. विमावाले जिन्यात भेटले की कधी कधी त्या पदाची एक ओळ गुणगुणतात. त्यांना चाल अर्धीच आठवते, आणि त्या अर्ध्या चालीसाठी मी वर येता येता वळून त्यांच्यामागे दोन मजले परत उतरतो. दुपारी ही झोपली की मी कधीतरी ती कोरी चार मिनिटं लावतो आणि गुडघ्यावर बोट ठेवतो. लय धरायचा प्रयत्न करतो. दर वेळी माझी "वा" एक तर आधी येते, नाही तर नंतर.